सावलीच्या शहरातील हिरवळ

मुंबईहून पुष्पक एक्सप्रेसने निघालेला प्रवासी दुसऱ्या दिवशी सकाळी लखनौला उतरतो, तो थेट एका बागेच्या नावात. स्टेशनाच्या या भागाला म्हणतात चारबाग. बाहेर पडावे तर रिक्षावाल्यांच्या तोंडीही बागाच. कुणी आलमबागेला चला म्हणतो, कुणी कैसरबागेला, कुणी सिकंदरबागेला. बादशाहबागेत लखनौ विद्यापीठ उभे आहे, बनारसीबागेत १९२१ साली प्राणिसंग्रहालय झाले, आलमबागेत १८५७ च्या युद्धातील इंग्रज सेनापती हॅवलॉक याची कबर आहे. ऐशबाग आणि मूसाबाग तर अजून राहिल्याच. बागांवरून मोहल्ल्यांची नावे पडली, पुढे त्यातल्या कित्येक बागा गेल्या आणि नावे तेवढी उरली.

या बागा होत्या तरी कशासाठी? मे महिन्यात लखनौला गेलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. दुपारी लू सुटते, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसपर्यंत चढतो आणि रस्त्यावरचा माणूस झाड शोधत धावतो. अशा मुलखात बाग म्हणजे सावली. नवाबांच्या बागांत आंबा, जांभूळ, बकुळ अशी झाडे, पाण्याचे पाट, फुलांचे ताटवे आणि बसायला दगडी चबुतरे किंवा बारादरी असे. चबुतऱ्यावर जाजम अंथरायचे, लोडाला टेकायचे आणि पानदान जवळ ओढायचे. झाडाखाली हिरवेगार गवत उगवले आहे की नाही, याची चिंता कुणी वाहिली नसावी.

ही चिंता आली ती इंग्रजांबरोबर. कापलेल्या गवताचा सपाट गालिचा, म्हणजे लॉन, ही मूळची त्यांच्या देशातील आवड. तिथे ऊन सौम्य, पाऊस बारमाही, आणि तिथली काही गवते थोड्या उन्हावरही तग धरणारी. १८५७ नंतर लखनौचे जुने मोहल्ले पाडून रुंद रस्ते काढले गेले, छावणी वाढली, बंगले उभे राहिले आणि बंगल्यापुढे लॉन आले. पण झाडे मात्र लखनौचीच राहिली. तेव्हापासून या शहरातील बंगलेवाल्यांना दोन्ही हवे असते. डोक्यावर आंब्या-कडुनिंबाची गर्द सावली हवी आणि पायाखाली मऊ हिरवळही हवी. या दोघींचे फारसे पटत नाही, आणि हे भांडण बघायला लखनौइतके चांगले शहर नाही.

दूर्वा, दूब आणि हरळी

लखनौच्या लॉनमधले मुख्य गवत म्हणजे दूब. मराठी माणसाला ते परके नाही. गणपतीला आपण एकवीस दूर्वांची जुडी वाहतो ती हीच, आणि शेतकऱ्याच्या डोक्याला ताप देणारी हरळीही हीच. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. शेतात हरळी शिरली की नांगरून, वेचून, जाळूनही जात नाही. एक गाठ मातीत राहिली तरी पुन्हा फुटते. 'हरळीची मुळी' असे आपण चिवटपणाला उगीच म्हणत नाही.

मौज अशी की उन्हाने, पायदळी तुडवल्याने, गुरांनी चरल्याने न मरणारे हे गवत सावलीत मात्र हार खाते. जुन्या शेतकऱ्यांना हे ठाऊक असते. ताग दाट पेरला की त्याच्या सावलीत हरळी मागे हटते. म्हणजे हरळीवरचे शेतातले औषध तेच लॉनवाल्याचे दुखणे!

कारण साधे आहे. दूर्वा ही भर उन्हात वाढण्यासाठी घडलेली वनस्पती. तिला दिवसाकाठी सहा ते आठ तास थेट ऊन लागते. दाट झाडाखाली पोहोचणारा प्रकाश कित्येकदा उघड्यावरच्या प्रकाशाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो. शिवाय तो नुसता कमी नसतो, चाळून उरलेला असतो. अन्न तयार करायला लागणारे लाल आणि निळे किरण वरची पाने आधीच शोषून घेतात. खालच्या गवताला मिळतो उरलासुरला उजेड. मग ते उजेडाच्या शोधात उंच होते, दोन पेरांमधले अंतर वाढते, काड्या लांब, फिक्या आणि लुळ्या पडतात. अशा दूर्वांची जुडीही नीट बांधता येत नाही. कात्री फिरवली की उरलेली हिरवी पातीही जाते आणि दोन-चार महिन्यांत खालची माती दिसू लागते.

त्यात मुळांची चढाओढ. झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी वरच्या हात-दीड हात मातीतच पसरलेली असतात. गवताच्या तोंडचे पाणी तीच आधी पिऊन टाकतात. 'रोज पाणी घालतो, खत घालतो, तरी गवत येत नाही,' अशी तक्रार करणारा गृहस्थ बहुधा इतके दिवस झाडालाच खाऊ घालत असतो.

रेसिडेन्सीच्या झाडांखाली

हा सारा धडा डोळ्यांनी बघायचा तर रेसिडेन्सीत जावे. अवधच्या दरबारातील इंग्रज वकिलासाठी अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे इमारती बांधल्या गेल्या. ३० जून १८५७ च्या चिनहटच्या लढाईनंतर तिला वेढा पडला. आत सुमारे तीन हजार माणसे होती. सप्टेंबरात पहिली कुमक आत शिरली, पण तीही अडकली. अखेर नोव्हेंबरात उरलेल्यांना बाहेर काढण्यात आले. तोफगोळ्यांनी फोडलेल्या भिंती तशाच राखल्या गेल्या. आज सुमारे तेहतीस एकरांचा हा परिसर पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. लाल विटांचे भग्न सांगाडे, त्यांमधून पसरलेली हिरवळ आणि मधूनमधून थोराड झाडे असे ते दृश्य.

पर्यटक भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणा मोजतो. त्याने थोडे खालीही बघावे. उघड्यावर गवत दाट असते. झाडाच्या घेराच्या कडेला ते जरा लांबट आणि विरळ होते. बुंध्याकडे जावे तसे ठिपके ठिपके उरतात आणि अगदी बुंध्याशी कोरडी माती, पाचोळा, वर आलेली मुळे. सकाळचे ऊन पूर्वेकडून तिरपे आत शिरते, म्हणून पुष्कळ झाडांच्या पूर्वेस गवत बुंध्याच्या अधिक जवळ गेलेले आढळते. कुठे लॉन लावावे आणि कुठे लावू नये याचा नकाशाच झाडाने जमिनीवर काढून ठेवलेला असतो.

याच्या उलट बडा इमामबाडा. १७८४ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून नवाब आसफउद्दौला याने तो बांधायला घेतला. त्याची विस्तीर्ण अंगणे उघडी, उन्हाला मोकळी. तिथे दूब मजेत वाढते. माळी तोच, पाणी तेच, गवतही तेच. फरक फक्त उन्हाचा.

सिकंदरबागेतील उत्तर

मग सावलीतल्या जागेचे करायचे काय? याचे उत्तर गोमतीच्या काठी सिकंदरबागेत मिळते. नवाब वाजिद अली शाहने ही बाग आपल्या सिकंदर महल या बेगमेसाठी सजवली. १६ नोव्हेंबर १८५७ रोजी इथे घनघोर युद्ध झाले आणि सुमारे दोन हजार भारतीय सैनिक कामी आले. झाडावर चढून इंग्रज सैनिकांना टिपणाऱ्या उदादेवीची कथा इथलीच. तिचा पुतळाही इथे आहे.

या परिसरात आज राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था आहे. १९५३ साली राष्ट्रीय वनस्पती उद्यान म्हणून ती केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे आली आणि १९७८ पासून तिला आजचे नाव मिळाले. सुमारे पंचवीस हेक्टरांच्या या बागेत बोगनवेल आणि गुलाब यांना उघडे रान दिले आहे. इथेच निपजलेल्या बोगनवेलीच्या एका जातीला 'बेगम सिकंदर' असे नाव मिळाले, हे लखनवी अदबीला धरूनच झाले. आणि सावलीत? तिथे नेच्यांचे घर आहे, म्हणजे फर्नचे. नेच्यांचे सारे घराणेच सावलीवर पोसलेले. ज्या अंधुक उजेडात दूर्वा महिन्याभरात मान टाकील तिथे नेचे हात हात पसरतात. ज्याला जिथे मानवते त्याला तिथे जागा द्यायची, एवढीच ही युक्ती. पण घरच्या बागेत ती आठवत नाही. तिथे दर जुलैत नर्सरीतून गवताच्या नव्या लाद्या आणून त्याच आंब्याखाली अंथरल्या जातात आणि दर मार्चमध्ये त्या मेलेल्या निघतात.

ऊन मोजावे कसे?

गोमतीनगर, इंदिरानगर अशा नव्या वसाहतींत झाडांबरोबर आणखी एक सावली आली आहे, शेजारच्या तिमजली घराची. ती दिसते तेवढी साधी नाही. लखनौ साधारण २७ अक्षांशावर येते. डिसेंबरअखेर भर दुपारीही तिथला सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि दहा फुटांच्या भिंतीची सावली उत्तरेकडे बारा फूट पडते. जूनमध्ये तीच सावली फुटापेक्षाही कमी असते. पुण्यात डिसेंबरमधली सावली नऊ फूट. म्हणून जूनमध्ये ऊन बघून घराच्या उत्तरेला लॉन लावणारा थंडीत फसतो. त्यात डिसेंबर-जानेवारीत लखनौत दाट धुके पडते, कधी दोन-दोन दिवस सूर्य दिसत नाही. थंडीने दूब तशीही पिवळी पडून झोपी जाते. सावलीतली ती उठतच नाही.

तेव्हा खर्च करण्याआधी आपण मोजणी करावी. सकाळी आठ, दहा, बारा, दुपारी दोन आणि चार वाजता उन्हाची कड जिथे असेल तिथे चुन्याची बारीक रेघ ओढायची. हेच पावसाळ्यापूर्वी एकदा आणि थंडीत एकदा करायचे. सहा तासांहून अधिक ऊन असेल तर दूब खुशाल लावावी. चार-पाच तास असेल तर रुंद पानाचे कार्पेट गवत लावून पाहावे. मुंबई-कोकणाकडील बागांत आंब्या-नारळाखाली दिसते तेच हे. लखनौच्या कडाक्याच्या थंडीत ते करपल्यासारखे होते, पण मार्चनंतर सावरते. तीन तासांहूनही कमी ऊन असेल तर गवताचा नाद सोडावा. नर्सरीवाला काहीही सांगो.

मधल्या, अर्ध्या सावलीच्या जागेत मात्र मेहनतीला फळ येते. पहिले काम वरचे. झाडाच्या खालच्या फांद्या आठ-दहा फुटांपर्यंत उतरवल्या आणि एकमेकींत गुंतलेल्या काही विरळ केल्या की सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आत येते. एका वेळी पाव हिश्श्याहून अधिक छाटू नये आणि आंब्याला मोहोर येण्याच्या सुमारास तर हात लावू नये. खाली फावडे चालवून खोल खणू नये, त्याने झाडाची मुळे तुटतात. खुरप्याने वरवर मोकळे करून कुजलेले शेणखत आणि पोयटा यांचा बोटभर थर द्यावा, त्याहून जाड नको. पाऊस लागला की जुलैत गवताच्या मुळ्या चार-चार बोटांवर टोचाव्यात.

पुढची चूक बहुतेकजण कात्रीने करतात. उन्हातले लॉन इंचभर कापलेले शोभते, म्हणून सावलीतलेही तसेच कापतात. पण तिथे पाते हीच गवताची चूल. उजेड थोडा असताना चूलही लहान केली तर ते जगणार कशावर? सावलीतले गवत अडीच-तीन इंच ठेवावे. युरियाचा मारा करू नये, त्याने ते अधिकच लुळे होते. पाणी सकाळी घालावे आणि एकदाच भरपूर घालावे. संध्याकाळचे पाणी सावलीत रात्रभर पात्यावर राहते आणि बुरशीला आमंत्रण देते. गळलेला पाचोळा दर दोन-तीन दिवसांनी उचलावा. आणि या भागावर खाट टाकून बसायचा मोह आवरावा, हे सांगायला सोपे पण लखनौच्या एप्रिलमध्ये पाळायला कठीण!

फरशीचा उपाय नको

गवत हरले की माणसे चिडून दोनपैकी एक गोष्ट करतात. काहीजण झाडच तोडायला निघतात. चाळीस वर्षे उभा असलेला कडुनिंब चार महिन्यांच्या लॉनपायी जावा, यासारखा आतबट्ट्याचा व्यवहार नाही. झाडतोडीला परवानगी लागते ती गोष्ट वेगळीच. दुसरे लोक थेट बुंध्यापर्यंत सिमेंटच्या ठोकळ्यांची फरशी करून टाकतात. याने चिखल जातो, कचरा झाडायला सोपे जाते, पण मुळांना पाणी आणि हवा मिळेनाशी होते. झाड लगेच मरत नाही. काही वर्षांनी एखाद्या वादळात ते कोसळते, तेव्हा फरशीची आठवण कुणालाच येत नाही. दिल्लीत हा प्रकार इतका वाढला की २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाला झाडांभोवतीचे मीटरभर सिमेंट काढून टाकण्याचा आदेश द्यावा लागला.

आपल्या खेड्यांनी हा प्रश्न पूर्वीच सोडवला होता. वडा-पिंपळाखाली कुणी गवत लावले नाही, पार बांधला. लखनौच्या चबुतऱ्याचा तो सख्खा भाऊ. मात्र वड-पिंपळ बुंध्यावर माती चढली तरी सोसतात, आंबा सोसत नाही. त्याच्या बुंध्याभोवती हात-दोन हात जागा उघडी ठेवून तिथे त्याचाच पाचोळा कुजू द्यावा आणि बसायला बाजूला सुटा ओटा करावा. उरलेल्या सावलीत गवतासारख्या दिसणाऱ्या गर्द हिरव्या मोंडोचे बेट लावावे. त्याला गवत म्हणतात, पण ते गवत नव्हे, शतावरीच्या कुळातले आहे. ते कापावे लागत नाही आणि उन्हाचा हट्ट धरत नाही. नेचे आहेत, सिंगोनियम आहे. आणि सुगरणीच्या दृष्टीने पाहिले तर अळू आहे. परसदारी सांडपाण्याच्या वाटेवर, निम्म्या सावलीत अळू कसे माजते हे मराठी घराला शिकवायला नको.

मलिहाबादची हळद

सावलीला कामाला लावण्याचा खरा नमुना शहराबाहेर, पंचवीसेक किलोमीटरवर मलिहाबादच्या वाटेवर आहे. दशहरी आंब्याचा हा मुलूख. काकोरीजवळच्या दशहरी गावातील जुन्या मातृवृक्षावरून या आंब्याला नाव मिळाले, आणि २००९ साली मलिहाबादी दशहरीला भौगोलिक मानांकनही मिळाले. इथल्या कित्येक बागा पिढ्यान्‌पिढ्यांच्या आहेत. झाडे इतकी वाढली की एकाच्या फांद्या दुसऱ्याला भिडल्या. भर दुपारी खाली संध्याकाळ असते. गवत सोडाच, आंबाही फक्त शेंड्याला धरतो, कारण ऊन तेवढेच तिथे पोहोचते.

जवळच रहमानखेडा येथे केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्था आहे. तिने अशा म्हाताऱ्या बागांसाठी फांद्यांची जोरदार छाटणी करून झाडे पुन्हा तरुण करण्याची पद्धत बसवली. झाड बुटके झाले की फवारणी, तोडणी सोपी होते आणि ऊन आतपर्यंत उतरते. छाटलेली बाग पहिली काही वर्षे फळाला मागे राहते, म्हणून बागवानाचा हात कचरतो. वाडवडिलांनी लावलेल्या झाडावर करवत चालवायची म्हणजे काळजाला घरे पडणारच. पण ऊन नसेल तर झाडही गवतासारखेच उपाशी राहते.

आणि जिथे सावली ठेवायचीच आहे, तिथे आंब्याखाली हळद घेतली जाते. हळदीला भर उन्हाची गरज नाही, अर्ध्या सावलीत ती रुंद पाने पसरून मजेत वाढते. पावसाच्या सुरुवातीला लावायची, थंडीत पाने वाळली की काढायची. आंब्याचा हंगाम संपल्यावर बाग रिकामी न राहता घरात चार पैसे येतात. सांगलीच्या माणसाला आंब्याखाली हळद बघून गंमत वाटेल, पण घरामागे एकच आंबा असलेल्यालाही चार-सहा कंद लावून हे सहज करून पाहता येईल. पातोळ्यांना पाने तरी घरची होतील.

परतीच्या वाटेवर कैसरबागेत थांबावे. वाजिद अली शाहने १८४८ ते १८५० या काळात हा राजवाडा आणि बाग उभारली. तिथल्या परीखान्यात पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी उभे केलेले संगीत महाविद्यालय वाढले. १९२६ साली मॅरिस कॉलेज म्हणून ते सुरू झाले, आज त्याचे भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय झाले आहे. समोरची सफेद बारादरीही बघण्यासारखी आहे. चारी बाजूंनी दारे असलेल्या या दालनाकडे पाहिले की सावलीत बसायची सोय नवाब कशी करत ते लक्षात येते.

लखनौला जायचे तर ऑक्टोबर ते मार्च हे दिवस चांगले. डिसेंबरात वनस्पती संशोधन संस्थेच्या बागेत शेवंती आणि कोलियस यांचे प्रदर्शन भरवण्याची प्रथा आहे. गर्दी शेवंतीपुढे होते, पण ज्यांच्या अंगणात ऊन कमी येते त्यांनी कोलियसपाशी थांबावे. जांभळी, तांबडी, पोपटी पाने अर्ध्या सावलीतही रंग धरतात आणि बोटभर फांदी पाण्यात ठेवली तरी मुळे फुटतात. थंडी मात्र त्याला सोसत नाही. म्हणून लखनौची माणसे दोन-चार फांद्या कुंडीत लावून घरात घेतात आणि फेब्रुवारी सरला की पुन्हा झाडाखाली नेऊन लावतात.